रस्ता ओलांडण्याचा प्रश्न : दाट शहरातलं चालणं आणि न्याय



मागच्या व्याख्यानात आपण न्याय या संकल्पनेविषयी बोललो. ॲरिस्टॉटलपासून निघून जॉन रॉल्सपर्यंत आलो होतो. व्याख्यान संपल्यावर जिन्यात एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "सर, समजलं सगळं. पण हा न्याय रोजच्या जगण्यात कुठे दिसतो, ते काही तुम्ही सांगितलं नाहीत." मी त्यांना काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. ते त्यांना पटलं नसणार, कारण मलाच पटलं नव्हतं.

मग मी घरी निघालो आणि चौकात रस्ता ओलांडायला उभा राहिलो. पाच मिनिटं झाली, सात मिनिटं झाली. सिग्नल सुटत होता, पडत होता. पण डावीकडे वळणाऱ्या गाड्यांना कुठलाच सिग्नल लागू नसावा, अशा त्या येत होत्या. माझ्या शेजारी एक बाई कडेवर मूल घेऊन उभ्या होत्या, एक शाळकरी मुलगा होता, एक हातगाडीवाला होता. आम्ही चौघं मिळून त्या गाड्यांकडे हात करत होतो, जणू काही आम्ही त्यांच्याकडे भीक मागतोय. तेव्हा मला वाटलं, त्या गृहस्थांना इथेच आणायला हवं होतं. न्याय ही काय वस्तू आहे आणि अन्याय ही काय वस्तू आहे, हे बारा-पंधरा मीटर रुंदीच्या एका रस्त्यावर फार स्वच्छ दिसतं.

म्हणून आजचा विषय : दाट वस्तीच्या शहरात माणसाला पायी चालता येणं. मी वाहतुकीचा अभियंता नाही. तत्त्वज्ञान शिकवलं आणि आयुष्यभर पुण्यात चाललो, एवढीच माझी पात्रता. पण गेली काही वर्षं मी या विषयातले आराखडे, मार्गदर्शिका आणि निकाल वाचत आलोय. त्यातलं जे पक्कं आहे ते सांगतो.

एका मैत्रीची गोष्ट

आधी एक घरगुती गोष्ट सांगतो, कारण माझ्यासाठी हा विषय तिथून सुरू झाला.

माझे एक सहकारी होते, मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर आम्ही दोघं एकाच रस्त्यावर राहायला आलो, ते पलीकडे आणि मी अलीकडे. माझ्या गॅलरीतून त्यांची गॅलरी दिसायची. पहिली काही वर्षं रोज संध्याकाळी ते यायचे किंवा मी जायचो. मग रस्ता रुंद झाला. मधला दुभाजक आला, त्यावर लोखंडी जाळी आली, आणि ओलांडायची जागा दोन्ही बाजूंना दूर गेली. त्यांचे गुडघे दुखायला लागले होते, माझी दृष्टी संध्याकाळची कमी झाली होती. पहिल्यांदा रोजचं जाणं आठवड्यावर आलं, मग सणावारी. शेवटची दोन वर्षं आम्ही फोनवर बोलायचो. गॅलरीत उभं राहून, एकमेकांना हात करत, फोनवर! शंभर फुटांच्या अंतरावरून. ते गेले तेव्हा मला रिक्षा करून पुढच्या चौकातून वळसा घालून त्यांच्या घरी जावं लागलं.

त्या रस्त्यावर आमचा अपघात झाला नाही. कुठल्याही नोंदवहीत आमची नोंद नाही. रस्त्याने आमचं काय घेतलं हे मोजायला कुठलंही कोष्टक नाही. हे लक्षात ठेवा, कारण आता मी आकडे सांगणार आहे आणि आकड्यांत ही गोष्ट सापडणार नाही.

चालतं कोण?

आकडे बघू. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ६८ हजार माणसं मृत्युमुखी पडली. हे केंद्र सरकारच्या वार्षिक अहवालातले आकडे आहेत. त्यांतले जवळपास ३२ हजार ८०० लोक पादचारी होते. म्हणजे दिवसाला सुमारे नव्वद. रोज एक विमान कोसळलं असतं तर देशाने काय केलं असतं, याचा विचार करा.

आणि चालणारे काही मूठभर नाहीत. मुंबई महानगराच्या वाहतुकीचा जो मोठा अभ्यास २००८ मध्ये पूर्ण झाला, त्यात सगळ्या फेऱ्यांपैकी साधारण निम्म्या फेऱ्या निव्वळ पायी होतात असं आढळलं. उरलेल्या निम्म्यांतही लोकलने, बसने जाणारा माणूस स्टेशनपर्यंत चालतच जातो. म्हणजे या शहराचं मुख्य वाहन कुठलं? पाय. पण आपण 'वाहतूक' हा शब्द उच्चारतो तेव्हा डोळ्यांपुढे गाड्या येतात. 'वाहतूक सुरळीत झाली' असं आपण म्हणतो तेव्हा गाड्या सुरळीत झाल्या, एवढाच त्याचा अर्थ असतो. भाषेतच चालणाऱ्याला वगळलेलं आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात हे ओळखलेलं होतं. गाड्या हलवायच्या नाहीत, माणसं हलवायची आहेत, असा त्या धोरणाचा गाभा. ते धोरण येऊन किती वर्षं झाली ते मोजा.

दाटी ही अडचण की सोय?

एक गैरसमज दूर करतो. लोक म्हणतात, "आमचं शहर फार दाट आहे हो, इथे कुठे फुटपाथ करणार?" वास्तविक, दाटी ही चालण्याची मैत्रीण आहे. चालता येण्याची पहिली अट म्हणजे जिथे जायचंय ते ठिकाण जवळ असणं. पुण्याच्या पेठा घ्या. कसबा, शनिवार, बुधवार, नारायण, सदाशिव. घरातून निघालं की पाच मिनिटांवर शाळा, दहा मिनिटांवर मंडई, पंधरा मिनिटांत तुळशीबाग, मधे देऊळ, वाचनालय, डॉक्टर, पिठाची गिरणी. युरोपातले नगररचनाकार आज 'पंधरा मिनिटांचं शहर' म्हणून जे मांडतात, ते पेठांत कुणी न मांडता होतं.

शिवाय बोळ होते. एका आळीतून दुसऱ्या आळीत जाणारे, वाड्याच्या बाजूने निघणारे. गाडीला जो रस्ता लांबचा, तो पायाला जवळचा. आणि घरांना ओटे होते. ओट्यावर बसलेली आजी येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत असायची. जेन जेकब्ज या बाईंनी १९६१ साली अमेरिकन शहरांवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. रस्त्याला सुरक्षित ठेवतात ते रस्त्यावर लागलेले डोळे, असा त्यातला एक महत्त्वाचा विचार आहे. पुण्याला ते पुस्तक वाचायची गरज नव्हती. आपले डोळे ओट्यावर बसलेले होते. (हशा)

आता काय झालं? वाडे पाडून इमारती आल्या. ते अपरिहार्य होतं, मोडक्या वाड्यात राहणाऱ्याला पक्कं घर हवंच. पण इमारत झाली की तळमजल्यावर पार्किंग आलं. जिथे ओटा होता, दुकान होतं, खिडकी होती, तिथे आता खांब आणि गाड्या. दोन-तीन मिळकती एकत्र केल्या की मधला बोळ भिंतीआड गेला. म्हणजे चालण्याला लायक अंतरं शिल्लक राहिली, पण वाट आणि सोबत दोन्ही गेल्या. गावातल्या सगळ्यांत जवळच्या ठिकाणी जायला सगळ्यांत अवघड वाट, अशी आपल्या जुन्या शहरांची आजची अवस्था आहे.

फुटपाथ म्हणजे काय?

इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी आपल्या देशातली संस्था. २०१२ मध्ये तिने पादचारी सुविधांची सुधारित मार्गदर्शिका काढली. तिच्यात फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितलेली आहे. १.८ मीटर म्हणजे साधारण सहा फूट. एवढ्या जागेत दोन चाकांच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतात. डोक्यावर किमान २.२ मीटर मोकळी उंची हवी. आणि फुटपाथची कड रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको.

'मोकळी' हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे कागदावर दोन मीटरचा फुटपाथ असतो. त्यात एक झाड, एक विजेची डीपी, एक टेलिफोनचा खांब, एक राजकीय फलक आणि दोन दुचाक्या असतात. उरते ती हातभर जागा. चांगल्या आराखड्यात फुटपाथचे तीन पट्टे करतात. इमारतीला लागून दुकानाच्या दाराशी थांबणाऱ्यांचा एक पट्टा. रस्त्याच्या कडेला झाडं, दिवे, डीपी, बाकं आणि विक्रेते यांचा दुसरा. आणि मधला पट्टा फक्त चालणाऱ्याचा, त्यात काहीही येता कामा नये. जंगली महाराज रस्त्याचा जो भाग नव्याने केला, तिथे जाऊन पाहिलंत तर हा फरक डोळ्यांना दिसतो. तिथे म्हातारी माणसं बाकावर बसलेली दिसतात. बाकावर बसलेला म्हातारा ही शहराची तब्येत मोजायची माझी खूण आहे.

दुसरी गोष्ट सलगतेची. फुटपाथ ही साखळी आहे, तिची एक कडी तुटली की ती निरुपयोगी. आपल्याकडे प्रत्येक इमारतीच्या फाटकाशी फुटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. दोनशे मीटरांत दहा फाटकं असली तर म्हाताऱ्या माणसाने दहा वेळा उतरायचं, दहा वेळा चढायचं. तो कंटाळून रस्त्यावरून चालायला लागतो, आणि मग आपण म्हणतो, "बघा, फुटपाथ दिलाय तरी लोक वापरत नाहीत!" बरोबर रीत उलटी आहे. फुटपाथ सपाट राहावा आणि गाडीने उतार चढून त्याच्यावरून हळू जावं. गाडीला इंजिन आहे, तिला पंधरा सेंटिमीटर चढायला काही त्रास नाही.

तिसरी गोष्ट जमिनीखालची. नवा फुटपाथ झाला की सहा महिन्यांत तो कुणीतरी खणतो. पाणी, मलनिस्सारण, वीज, केबल, प्रत्येकाचं खातं वेगळं. बंगळुरूमध्ये 'टेंडरशुअर' नावाच्या योजनेत काही रस्त्यांवर आधी जमिनीखालच्या सगळ्या वाहिन्या व्यवस्थित लावल्या, त्यांना उघडायच्या जागा ठेवल्या, आणि मग वर रुंद फुटपाथ बांधले. खर्च जास्त आला, त्यावरून टीकाही झाली. पण फुटपाथचा प्रश्न पेव्हर ब्लॉकचा नसून नियोजनाचा आहे, एवढं त्यातून सिद्ध झालं.

पंधरा सेकंदांचा हिशेब

आता ओलांडण्याकडे येऊ. आमच्या चौकातला रस्ता सुमारे २१ मीटर रुंद आहे. मी पावलांनी मोजला. पादचाऱ्याचा हिरवा दिवा पंधरा सेकंद असतो. अभियंते चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या वेगाने चालणाऱ्या धडधाकट माणसालाही साडेसतरा सेकंद लागतात. मी घड्याळ लावून चाललो, मला सव्वीस सेकंद लागले. म्हणजे दिवा लाल होतो तेव्हा मी रस्त्याच्या मध्याच्या थोडासा पुढे असतो आणि समोरून दुचाक्यांची रांग सुटलेली असते.

यात कुणी दुष्ट नाही. कुणी तरी एका कार्यालयात बसून गाड्यांची रांग किती सेकंदांत मोकळी होईल याचा हिशेब केला आणि जे उरलं ते चालणाऱ्याला दिलं. अन्याय बहुतेक वेळा असाच होतो. उरलेलं देऊन.

उपाय काय? फार महाग नाहीत. चौकात फुटपाथ पुढे काढायचा, म्हणजे ओलांडायचं अंतर कमी होतं. रस्त्याच्या मधोमध उभं राहायला सुरक्षित बेट द्यायचं, म्हणजे दोन टप्प्यांत ओलांडता येतं. कोपऱ्याची वळणं घट्ट करायची. कोपरा जितका गोल आणि मोठा, तितकी गाडी वेगात वळते. घट्ट केला की चालकाला वेग कमी करावाच लागतो, त्यासाठी पोलीस उभा करावा लागत नाही. आणि झेब्रा पट्टे रस्त्याच्या पातळीवर न रंगवता फुटपाथच्या उंचीवर उचलून घ्यायचे. मग माणूस उतरत नाही, गाडी चढते आणि हळू होते.

वेगाचं महत्त्व का, ते शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरची गाडी ६० ने धावली तर आघाताची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. तीसच्या वेगाने बसलेल्या धडकेतून बहुतेक माणसं वाचतात. साठच्या धडकेतून वाचणं नशिबाचा भाग. म्हणून जगभर दाट वस्तीत तीसची मर्यादा आणतायत. ओस्लो शहरात २०१९ मध्ये वर्षभरात एकही पादचारी आणि एकही सायकलस्वार रस्त्यावर मेला नाही. त्यांनी वेग कमी केला, शहराच्या मध्यातलं पार्किंग काढलं, शाळांभोवती गाड्यांना मज्जाव केला. चमत्कार वगैरे काही नाही.

पूल कोणासाठी?

"मग पादचारी पूल बांधा ना," असं हमखास सांगितलं जातं. पुलाची पायरी साधारण पंधरा सेंटिमीटर. रस्त्यावर सहा मीटर उंच जायचं म्हणजे चाळीस पायऱ्या चढा आणि चाळीस उतरा. समोरच्या दुकानातून दूध आणायला ऐंशी पायऱ्या, परत येताना आणखी ऐंशी. गुडघेदुखी असलेल्याला, गरोदर बाईला, चाकाच्या खुर्चीवाल्याला तो पूल म्हणजे भिंत आहे. यंत्र सपाटीवर राहणार आणि माणूस चढणार, ही व्यवस्था आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यात काही उलटं आहे हे जाणवतही नाही.

मुंबईत २००८ पासून स्कायवॉक बांधले गेले, पहिला वांद्र्याला. एकूण तीसहून अधिक. ज्या स्टेशनांपाशी लोक पुलावरून उतरून सरळ पुढे चालत जाऊ शकतात, तिथे काही उपयोगी पडले. पण बरेचसे ओस पडले, कारण माणसाला खालच्या दुकानात जायचं असतं, खालच्या बसला जायचं असतं, आणि खाली फुटपाथ होता तसाच राहिला.

याउलट जिथे पूल खरोखर हवा होता तिथे काय झालं? २९ सप्टेंबर २०१७. एल्फिन्स्टन रोड स्टेशन, आजचं प्रभादेवी. सकाळची वेळ, अचानक पाऊस, अरुंद जिन्यावर लोक थांबलेले, वरून गाड्यांमधून उतरलेले आणखी येतायत. चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसं गेली. परळ-लोअर परळ भागातल्या गिरण्या गेल्या, तिथे कार्यालयं आली, हजारो नवे लोक रोज यायला लागले, आणि जिना मात्र तोच. नवा पूल लष्कराने बांधून फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला केला, काही महिन्यांत. म्हणजे करता येत होतं. चालणाऱ्यांची संख्या कुणी मोजत नव्हतं, एवढंच.

पडद्याआडून रस्ता आखा

आता तत्त्वज्ञानाकडे येतो. कान्टचं एक सूत्र असं सांगितलं जातं की, 'केलं पाहिजे' म्हणण्यात 'करता येतं' हे गृहीत असतं. जे करणं शक्यच नाही, त्याचं कर्तव्य तुम्ही कुणावर लादू शकत नाही. 'फुटपाथवरूनच चाला', 'झेब्रा पट्ट्यांवरूनच ओलांडा' हे उपदेशाचे फलक आपण वाचतो. जिथे फुटपाथ नाही, पट्टे पुसले गेलेत, दिवा पंधरा सेकंदांचा आहे, तिथे हा उपदेश नैतिकदृष्ट्या पोकळ आहे. आधी शक्य करा, मग शिस्त मागा. आणि एकदा शक्य केलं की मात्र शिस्त मागायचा अधिकार येतो, हेही खरं. पादचाऱ्याला सगळं माफ, असं मी म्हणत नाही.

दुसरा रॉल्स. १९७१ च्या आपल्या ग्रंथात त्याने 'अज्ञानाचा पडदा' ही कल्पना मांडली, ती आपण मागच्या वेळी पाहिली. समाजाचे नियम ठरवताना, त्या समाजात आपण कोण असणार आहोत हे माहीत नाही अशी कल्पना करायची. आता ती रस्त्याला लावून बघा. तुमच्यापुढे पंधरा मीटर रुंदीचा रस्ता आहे. त्याची वाटणी करायची आहे. पण पडदा उठल्यावर तुम्ही कोण असाल हे तुम्हाला ठाऊक नाही. गाडीत बसलेले असाल, किंवा आठ वर्षांची मुलगी, किंवा काठी घेतलेला अंध माणूस, किंवा डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली, किंवा माझ्या त्या मित्रासारखे गुडघेदुखीने बेजार. कशी वाटणी कराल? बारा मीटर गाड्यांना आणि कडेची उरलेली जागा माणसांना, अशी कराल? मला नाही वाटत कुणी करेल. कारण गाडीतला माणूसही गाडीतून उतरला की चालणारा होतो, आणि पुरेसा जगला तर म्हातारा होतो. माझ्यावरून सांगतो, हे फार लवकर होतं. (हशा)

कायद्यानेही आता हे मान्य केलंय. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असं म्हटलं की पादचाऱ्यांना योग्य फुटपाथ मिळणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि ते फुटपाथ अपंग व्यक्तींनाही वापरता आले पाहिजेत. राज्यांना त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलं. पुण्याच्या महापालिकेने तर २०१६ मध्येच पादचारी धोरण स्वीकारलेलं आहे. कागद आपल्याकडे उत्तम आहेत. आता ते कागद हातात घेऊन विचारणारे नागरिक हवेत.

करून पाहिलेल्या गोष्टी

पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन साजरा झाला, लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर गाड्यांना बंद ठेवला. मी गेलो होतो. मुलं रस्त्याच्या मधोमध खेळत होती, आणि लोक इमारतींकडे वर मान करून बघत होते. त्या रस्त्यावरून मी पन्नास वर्षं गेलोय, पण वर बघायला त्या दिवशी पहिल्यांदा सवड मिळाली. एरवी नजर खाली, खड्ड्यावर आणि मागच्या हॉर्नवर.

तुम्ही म्हणाल, एक दिवस काय कुणीही करेल. मान्य. पण आपल्याला याची सवय नाही असं नाही. आषाढात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, भवानी पेठेत आणि नाना पेठेत. त्या वेळी अख्खं शहर आपले रस्ते चालणाऱ्यांना देतं. गाड्या वळवल्या जातात, लोक दारात पाण्याची पिंपं ठेवतात, कुणी तक्रार करत नाही. ज्या समाजाने पायी चालण्याला भक्ती मानलं, महानुभावांनी ज्या मातीत 'अटन' हा आचारधर्म मानला, त्याच समाजात उरलेल्या दिवसांत चालणारा माणूस अडथळा ठरतो, याचं मला नवल वाटतं.

बाहेरचं उदाहरण द्यायचं तर स्पेनमधलं पॉन्तेवेद्रा. लोकवस्ती ऐंशी हजारांच्या आसपास. १९९९ मध्ये निवडून आलेल्या महापौरांनी जुन्या गावठाणातून गाड्या जवळपास काढून टाकल्या. त्यांनी एक नकाशा केला, मेट्रोच्या नकाशासारखा, पण त्यात मेट्रो नाही. एका चौकातून दुसऱ्या चौकात चालत जायला किती मिनिटं लागतात ते त्यात दाखवलेलं आहे. लोकांना कळलं की आपण समजत होतो त्यापेक्षा सगळं जवळ आहे! आपल्या पेठांचा असा नकाशा शाळेतली मुलंसुद्धा करू शकतील. आणि हे लहान युरोपी गाव म्हणून सोडून द्यायचं असेल, तर चेन्नईतल्या टी. नगरचा पाँडी बाजार बघा. भारतातल्या सगळ्यांत गर्दीच्या बाजारांपैकी एक. तिथे २०१९ मध्ये फुटपाथ रुंद करून पादचारी प्लाझा केला.

प्रश्नोत्तरं

*एक श्रोते :* सर, माझं लक्ष्मी रस्त्याजवळ दुकान आहे. पार्किंग काढलं तर गिऱ्हाईक येणार कसं?

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कोपनहेगनमध्ये १९६२ साली स्ट्रोगेट हा रस्ता गाड्यांना बंद केला तेव्हा तिथल्या दुकानदारांनीही हेच म्हटलं होतं. पुढे तो शहरातला सगळ्यांत गजबजलेला बाजार झाला. पण तुम्ही साधा हिशेब करा. दुकानापुढे एक मोटार उभी राहते ती पाच मीटर लांब. दिवसभरात तिथे किती मोटारी येतात? बऱ्याचदा ती मोटार तुमची किंवा शेजारच्या दुकानदाराचीच असते. (हशा) तेवढ्याच जागेतून तासाला किती माणसं चालत जातात ते एक दिवस मोजा. मात्र एक अट. बसची सोय आणि चालत येण्याच्या अंतरावर वाहनतळ, हे आधी झालं पाहिजे. माल उतरवायला सकाळची ठरावीक वेळ दिली पाहिजे. आधी बंदी आणि मग सोय, असं केलं तर तुमचा विरोध योग्यच ठरेल.

*एक श्रोत्या :* फुटपाथ अडवतात ते पथारीवाले. त्यांच्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.

ताई, मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण हा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. इथे एका गरजवंताच्या विरुद्ध दुसरा गरजवंत उभा आहे. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि त्याच निकालात हेही म्हटलं की फुटपाथ सर्वांच्या चालण्यासाठी असतात. दोन्ही गोष्टी एकाच निकालात! २०१४ मध्ये पथविक्रेत्यांचा कायदा आला. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचा निकष त्यात आहे. विक्रेत्यांचं सर्वेक्षण, विक्री क्षेत्रं, नगर पथविक्रेता समिती, सगळं लिहिलेलं आहे.

आता एक निरीक्षण सांगतो. भाजीवालीची पाटी एक मीटर जागा घेते, आणि ती चालणाऱ्यालाच भाजी विकते. ती बसलेली असते म्हणून रात्री आठ वाजता तो रस्ता बायकांना सुरक्षित वाटतो. उभी मोटार दहा-बारा चौरस मीटर घेते आणि कुणालाच काही देत नाही. तरी आपला राग पाटीवर निघतो, मोटारीवर नाही. पार्किंगचा एक पट्टा फुटपाथला जोडला तर चालणारा आणि विक्रेता दोघंही मावतात. मोकळा पट्टा मोकळा ठेवायचा, हा नियम विक्रेत्यालाही लागू. पण त्याला बसायची हक्काची जागा दिल्यावर.

वेळ संपत आली. जाता जाता एक काम सांगतो. उद्या सकाळी घरातून निघा आणि रोज जिथे गाडीवरून जाता अशा जवळच्या एका ठिकाणी चालत जा. सोबत सत्तरीच्या पुढचं किंवा दहा वर्षांच्या आतलं कुणीतरी घ्या. कुठे थांबावं लागलं, कुठे रस्त्यावर उतरावं लागलं, कुठे हात धरावा लागला, ते कागदावर लिहा. सिग्नलचे सेकंद मोजा. आणि तो कागद आपल्या प्रभागाच्या कार्यालयात नेऊन द्या, पोच घ्या. महिन्याने पुन्हा जा. मी आमच्या चौकासाठी हे केलंय. दोनदा गेलो, तिसऱ्यांदा जाणार आहे. अजून दिवा पंधरा सेकंदांचाच आहे.

मला माझ्या मित्राकडे आता जायचं नाही, ते राहिले नाहीत. पण त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अजून माणसं राहतात.